सही येणाऱ्याचा अंगठा

त्या रविवारी सकाळी मी अण्णाची पाठ घासली. आम्ही दोघा भावांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. मिलला सुट्टी असली की अण्णा दारातल्या फरशीवर उकिडवा बसायचा, आई चुलीवरचं पाणी आणून ओतायची आणि मी खडबडीत दगडानं त्याची पाठ घासायचो. तो मिलमध्ये बदली कामगार होता. म्हणजे रोज पहाटे गेटावर जाऊन उभं राहायचं आणि कायमचा कामगार आला नसेल तर त्याच्या जागेवर काम करायचं. त्याच्या खात्यात दिवसभर कापसाची धूळ उडायची. आठवडाभराचा कापूस त्याच्या मानेवरच्या केसांत, कानांमागं आणि पाठीच्या पन्हळीत बसलेला असायचा. घासला की त्याच्या बारीक वळ्या निघायच्या. "जोर लाव की रं, बाळंतिणीला चोळतूस व्हय," असं तो म्हणायचा, मग मी मुद्दाम दगडाची खरखरीत बाजू फिरवायचो. तो शिव्या द्यायचा आणि आई चुलीपासनं म्हणायची, "नाग्या, त्येचं कातडं ठिव थोडं, उद्या मिलमदी लागंल त्येला." त्या रविवारनंतर अण्णानं माझ्यासमोर अंगातला सदरा कधी काढला नाही. स्वतःच्या लग्नात हळद लावतानाही त्यानं बनियन ठेवलं. बायका हसल्या. मी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो.

आमची वस्ती म्हणजे सेटलमेंट. आम्ही कैकाडी. इंग्रजांनी आमच्यासारख्या जाती जन्मानंच चोर ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात आणून ठेवल्या. पुढं तार निघाली, नाव राहिलं. माझा जन्म तार निघाल्यावरचा, पण वस्तीच्या तोंडाला एक लोखंडी खांब तसाच उभा होता आणि बाहेरची माणसं तिथपर्यंतच यायची. आमच्या घरात दोन आवाज कायम असायचे. एक मिलच्या भोंग्याचा आणि दुसरा बाच्या कोयत्याचा. बा तुरीच्या काट्या आणि निर्गुडीचे फोक सोलायचा, आई त्यांची डालगी विणायची, कोंबड्या झाकायला आणि शेण भरायला. घरभर ओल्या सालीचा वास. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. अण्णाचं काम भरलं असेल त्या आठवड्यात आमटीत डाळ, नसेल त्या आठवड्यात नुसता तवंग. आई भाकरी थापताना बांगडी कोपराकडं सरकवायची. तो आवाज ऐकला की घरात सगळं ठीक आहे असं मला वाटायचं. पण कान मात्र नेहमी बाहेर. सायकलची घंटी वाजली की बा कोयता थांबवायचा. पोलिसाची सायकल आणि दुसऱ्या कुणाची सायकल यातला फरक त्याला नुसत्या चाकाच्या आवाजावरून कळायचा. घंटी पुढं गेली की कोयता पुन्हा सुरू. त्याच्याकडून ते मला लागलं आणि अजून आहे. आत्ता हे लिहितानाही गल्लीत कुणी गाडी थांबवली तर माझं पेन थांबतं.

बा तारेच्या आत वाढलेला. त्या काळी दिवसातून तीन-तीनदा हजेरी असायची. नाव पुकारलं की उभं राहायचं, 'हाजर' म्हणायचं आणि वहीत अंगठा उठवायचा. बाच्या मनात ते असं बसलं होतं की अंगठा म्हणजे सुटका. तो आम्हांला सांगायचा, "कुटं चोरी झाली की सायेब वही बघतो. आपला आंगठा दिसला की म्हणतो, ह्यो हितंच हुता, ह्येला सोडा. कागदावर आंगठा हाय तवर माणूस हाय." आणि दुसरं सांगायचा, की पोलिसापुढं कधी वाचायचं नाही. त्याच्या लहानपणी एका पोरानं वहीत डोकावून आपलं नाव वाचायचा प्रयत्न केला, तर त्याला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. आमच्या घरात वाचता येणारा मी एकटा. मी चौथी पास झालो तेव्हा अण्णानं वस्तीभर सांगितलं. मी सही करायला लागलो तेव्हा त्यानं ती मिलमधल्या कागदाच्या तुकड्यावर काढून घेतली आणि खिशात ठेवली, आणि गेटावर बाकीच्या बदल्यांना दाखवली. "भाऊ हाय माजा. सही करतो."

अण्णाला पुढच्या पगारापासून कायम करणार होते. कायम झाला की रोजचं गेटावरचं उभं राहणं संपणार होतं, मिलच्या चाळीत खोली मिळणार होती आणि आम्ही त्या खांबाच्या बाहेर राहायला जाणार होतो. आईनं खोलीत चूल कुठं मांडायची तेही ठरवलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. टाइमकीपरनं पोलीस चौकीची चिठ्ठी मागितली होती, की या माणसावर केस नाही. ती बाकी कुणाला मागत नव्हते. आमच्या वस्तीतल्याला मागायचे. ती चिठ्ठी अण्णा मंगळवारी आणणार होता.

रविवारी दुपार कलली आणि त्या खांबापाशी प्रकाश येऊन उभा राहिला. प्रकाश अण्णाचा दोस्त, त्याला नावानं भीमा म्हणणारा. त्याचे वडील सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. दोघं एकाच तालमीत जायचे, म्हणून ओळख. तो सायकल धरून उभा होता आणि आत येत नव्हता. आई हातातलं डालगं घेऊनच त्याच्याकडं गेली, मी तिच्या मागं.

"काकू, भीमाला नेलंय," तो म्हणाला.

"कुटं?"

"चौकीत. आम्ही महादेवाच्या देवळामागं बसलो होतो. चिलीम होती."

"तू बी हुतास?"

"होतो."

"मग तू हितं कसा?"

प्रकाशनं सायकलची घंटी उगाच अंगठ्यानं दाबली, वाजू न देता.

मी खोटं लिहिणार नाही. अण्णानं चिलीम ओढली होती. रविवारी त्या देवळामागं चिंचेखाली म्हातारे भजनी बसायचे, त्यांत दुकानदार होते, पेन्शनीत निघालेले मास्तर होते. महादेवाचं नाव घेऊन गांजाची चिलीम फिरायची. पोरं बाजूला बसायची, त्यांच्यापर्यंतही यायची. सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्या बाजूचा हवालदारसुद्धा कधीमधी तिथं टेकायचा. कायद्यानं ते बंद होतं, पण देवळामागं कायदा बसून चहा पीत होता. त्या दिवशी नवा फौजदार आला. त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि एकेकाला नाव आणि राहण्याचं ठिकाण विचारलं. म्हाताऱ्यांना म्हणाला, आजोबा, घरी जा, वयाला शोभत नाही. प्रकाशनं वडलांचं नाव आणि कचेरी सांगितली, त्याला म्हणाला, वडलांना बोलवू का, पळ. अण्णाच्या हातात तेव्हा चिलीम नव्हतीच, ती प्रकाशच्या हातात होती. अण्णानं नाव सांगितलं आणि राहायला कुठं ते सांगितलं. मग फौजदारानं बाकी कुणाला काही विचारलं नाही. हे सगळं प्रकाशनंच आम्हांला सांगितलं, मान खाली घालून. शेवटी म्हणाला, "काकू, मी आलो होतो हे बाबांना सांगू नका."

माझी नात कायद्याचं शिकते. मागं एकदा ती मला मोबाइलवर अमेरिकेचं काही दाखवत होती. तिथं म्हणे नशा गोरेही करतात आणि काळेही करतात, पण तुरुंग भरलेत ते जास्त काळ्यांनी. एकच माल, कोकेन, त्याची पूड श्रीमंत गोरा ओढायचा आणि खडा गरीब काळा ओढायचा, तर खड्याला पुडीपेक्षा कितीतरी पटीनं मोठी सजा असा कायदाच केला होता त्यांनी. एकदा केस लागली की पुढं काम नाही, घर नाही, कितीतरी जणांना मतसुद्धा नाही. ती मोठ्या तावातावानं सांगत होती. तिला वाटत होतं मला हे नवीन आहे. मी विचारलं, "तितं बी पत्ता इचारत्यात का गं?" ती म्हणाली, "तिथं विचारावं लागत नाही आज्जा, तोंड हाच पत्ता." तिला अण्णाचं माहीत नाही. घरात आता कुणालाच नाही.

बा तडक चौकीत गेला आणि बाहेरच्या भिंतीला लागून उभा राहिला. तसं उभं राहायला त्याला येत होतं. आई सात रस्त्याला प्रकाशच्या घरी गेली, की त्याच्या वडलांनी एक शब्द टाकावा, पोरगं सगळ्यांबरोबर बसलं होतं एवढंच सांगावं. त्यांनी दाराची कडी न काढता सांगितलं, "बाई, आमच्या मुलाचं नाव तोंडातून काढू नका. तुमच्या लोकांना काय, सवय असते." हे तिनं आम्हांला कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी फक्त म्हणाली, घरी नव्हते.

मी घरात एकटा होतो. मला पंधरावं लागलेलं. दिवस मावळायला अजून बराच वेळ होता. सायकलचा आवाज आला आणि ती कुणाची हे मलाही कळलं. तोच आमच्या बाजूचा हवालदार होता, बरोबर एक शिपाई. ह्या हवालदारानं आमच्या घरी कितीदा चहा घेतला होता. आई आम्हांला त्याला मामा म्हणायला लावायची. त्यांनी पिठाचा डबा पालथा केला, अंथरुणं झटकली, ओली डालगी एकेक करून दारात फेकली. काही मिळालं नाही. मिळणार कुठून. मग हवालदार उंबऱ्यावर बसला आणि टोपी काढून वारा घेऊ लागला.

"तुजा बा लई येडा हाय," तो म्हणाला. "दुपारधरनं चौकीम्होरं हुबा हाय. त्येनं काय हुनार? कागद पायजे. तुमच्या घरात काय घावलं न्हाय, व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग तसं ल्हिवून देतो की. घराची झडती घेतली, घरचं मानूस हजर हुतं. आंगठा कर, म्हंजी कागद वर जातो आन् भाऊ खाली येतो."

शिपायानं कागद लिहिलेलाच होता. दोन्ही बाजूंनी. त्यानं तो माझ्यापुढं फरशीवर ठेवला, जिथं सकाळी अण्णा बसला होता, आणि शाईची डबी उघडली. मला ते अक्षर दिसत होतं. बारीक होतं, पण वाचता येण्यासारखं होतं. पहिल्या ओळीत अण्णाचं पूर्ण नाव होतं, तेवढं मी वाचलं. मग मी डोळे वर घेतले. कुणी मला वाचू नको म्हणालं नाही. मीच डोळे वर घेतले. मला वाटलं वाचताना दिसलो तर मामा चिडेल आणि अण्णाला सोडणार नाही. सही करू का, असंही विचारलं नाही. सही शाळेतली, अंगठा पोलिसातला, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी अंगठा शाईत दाबला. तो फिका उठला. तेव्हा मीच म्हणालो, "मामा, नीट आला न्हाय," आणि दुसऱ्यांदा दाबला, चांगला ठळक, सगळ्या रेघा दिसतील असा.

आज मी काहीही वाचल्याशिवाय सही करत नाही. गॅसवाल्याच्या पावतीवरसुद्धा. चंद्रा, माझी बायको, दवाखान्यात शेवटची होती तेव्हा ऑपरेशनचा फॉर्म आला. मी चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला बसलो. नर्स घाई करत होती. चंद्रा खाटेवरनं तिला म्हणाली, "बाई, तुमी चहा पिऊन या. ह्यांचं वाचून हुईस्तोवर मी आपली आपली बरी हुतीय." ती बरी झाली नाही. तिला जाऊन चार महिने झाले.

बा अंधार पडायच्या आत परत आला. त्यानं माझा निळा अंगठा बघितला, हातात घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "दिलास? शाबास. आता काय भ्या न्हाय." माझ्या बापानं मला शाबास म्हटलेलं तेवढं एकदाच आठवतं. आई पाठोपाठ आली. तिनं सांडलेलं पीठ सुपात गोळा केलं, चाळलं आणि त्याच पिठाच्या भाकरी थापायला बसली. बा तिला सगळं सांगत होता. तिनं ऐकून घेतलं आणि मान वर न करता मला विचारलं, "वाचलास का?"

मी म्हणालो, "व्हय."

"काय हुतं?"

"काय घावलं न्हाय म्हणून."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. आईची भाकरी करपत नसे.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात अण्णाला आणलं. तो सावकाश चालत होता, पाठ ताठ धरून, डोक्यावर घागर असल्यासारखा. बानं एका वकिलाच्या कारकुनाच्या हातापाया पडून तो कागद वाचून घेतला. मी बाच्या मागं उभा होतो. कारकून भराभरा वाचत गेला. आरोपीच्या राहत्या घरातून, डालग्यांच्या ढिगाखालून, विकण्यासाठी ठेवलेला पाव शेर गांजा, आरोपीच्या सख्ख्या भावानं स्वतः काढून दिला, आणि आरोपी नेहमी हा धंदा करतो असं त्यानं सांगितलं. खाली भावाचा अंगठा. कारकुनानं कागद बाच्या हातात दिला. बानं तो उलटा धरला होता.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्याला काहीतरी समजत नव्हतं असं. दोरीनं बांधलेले हात त्यानं जरासे वर उचलले आणि विचारलं, "नाग्या, ह्यो तुजा आंगठा?"

हवालदार दोन पावलांवर उभा होता. तो तंबाखू मळत हळूच म्हणाला, "सांग की. खोटं बोललास तर तुज्यावर बी केस हाय, आन् खरं बोललास तर बी हाय."

मी डावी मूठ मिटली आणि म्हणालो, "न्हाय अण्णा. मी कशाला आंगठा दीन? मला सही येती की."

अण्णा हसला. ओठ फुटला होता तरी हसला. बाकड्यावर बसलेल्या माणसांकडं बघून म्हणाला, "तेच म्हणलं मी. माजा भाऊ शिकल्याला हाय." बानं मला अंगठा दिल्याबद्दल शाबास म्हटलं होतं. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पोलिसासमोर त्याला बोलता आलं नाही, आणि बोलला असता तर कुठला मुलगा वाचवायचा हेही त्याला ठरवावं लागलं असतं.

पोरांना आत सोडत नव्हते. मी नळाजवळ जाऊन बसलो आणि अंगठा फरशीवर घासत राहिलो. बऱ्याच वेळानं बा बाहेर आला. अण्णानं मॅजिस्ट्रेटला सांगितलं होतं, साहेब, हा अंगठा खोटा आहे, माझ्या भावाला लिहितावाचता येतं, तो सही करतो. चिलीम ओढली ते मी कबूल करतो, पण घरातला गांजा खोटा. मॅजिस्ट्रेटनं ते ऐकून घेतलं. त्या दोन दिवसांत नीट ऐकून घेणारा तो एकच माणूस. त्यानं पोलिसांना दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, उद्या अकरा वाजता त्या भावाला माझ्यासमोर उभा करा. तो माझ्यापुढं सही करेल, अंगठाही देईल, मी स्वतः ताडून बघतो. कागद खोटा निघाला तर हा मुलगा उद्याच दंड भरून घरी जाईल.

"म्हंजी उद्या अण्णा सुटंल," बा मला म्हणाला, आणि त्याची नजर माझ्या अंगठ्यावर गेली.

त्या संध्याकाळी आईनं माझा शाळेतला पांढरा सदरा धुतला. उद्यासाठी नवं पेन घे म्हणून माझ्या हातात पैसे दिले, कोर्टात सही फुटकी नको. बानं चुलीतला कोळसा आणला आणि मला म्हणाला, "काड सही." मी भिंतीवर सही काढली. "पुन्यांदा." पुन्हा काढली. आयुष्यभर पोलिसापुढं वाचायचं नाही म्हणणारा माझा बाप मांडी घालून बसला होता आणि माझी एकेक सही बघत होता. मधेच म्हणाला, "सायबाला सांग, मामानं घ्यायला लावला. सांगशील?" मी हो म्हणालो. "आन् वाचता येत असून का वाचलास न्हाय म्हणला तर?" आई म्हणाली, "खरं सांग म्हंजी झालं. मारलं तर मार खा. अण्णा मार खातोयाच की." तिनं शेजारनं एक अंडं आणलं होतं. ते तिनं फक्त मला तळून दिलं. तिच्या समोर ते टाकता येईना, म्हणून मी पाण्याबरोबर गिळलं. मला मॅजिस्ट्रेटची भीती नव्हती. हवालदाराची होती, पण तीही कमी. अण्णा तिथं उभा असणार होता. त्याच्या तोंडासमोर मला म्हणायचं होतं, की काल मी तुला खोटं सांगितलं, आणि तू ते खरं मानून साहेबाला अभिमानानं सांगितलंस.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. अण्णाला एक वर्षाची सजा लागली. मिल गेली ती गेलीच. खोलीही गेली. सुटून आल्यावर त्यानं केळीचा गाडा टाकला, आणि गावात कुठं घरफोडी झाली की आधी त्याला चौकीत बसवायचे, कारण आता त्याच्यावर केस होती. प्रकाश बँकेत लागला. साहेब होऊन रिटायर झाला, नातवंडांत आहे, भेटला की माझी विचारपूस करतो. चिलीम एकच होती. अण्णा त्यानंतर तीस वर्षं जगला आणि मेला. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की तो अंगठा पोलिसांनी दुसऱ्या कुणाचा तरी मारला. बाला आणि आईला माहीत होतं. त्यांनी त्याला सांगितलं नाही आणि मलाही कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

चंद्राला मी लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "भावजींना सांगितलं असतंत तर त्येनी तुमाला बडवलं असतं. आन् मग जेवाय बशिवलं असतं. तुमाला मार चुकवायचा हुता." त्यानंतर दरवर्षी ती एकदा तरी विचारायची, सांगितलंत का. मी म्हणायचो, सांगतो. अण्णा गेला त्या दिवशी तिनं विचारणं बंद केलं. आणि दवाखान्यात एकदा, सलाईन चालू असताना, म्हणाली, "लिवून काढा. तोंडानं तुमी खोटं बोलता." तिच्या माघारी घरात भांडं वाजत नाही. वही घेऊन बसायला दुसरं कारण नको.

मंगळवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. बा भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो जागा होता, असं मला अजून वाटतं. धुतलेला सदरा दोरीवर होता, पुरता वाळला नव्हता. तो मी घातला नाही. परसाकडं निघाल्यासारखा डबा घेऊन बाहेर पडलो, तो खांबाच्या बुडाशी ठेवला आणि एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. पेनाच्या पैशांत मंगळवेढ्याचं तिकीट आलं. माझी आत्या तिकडं सुगीला दुसऱ्याच्या रानात ज्वारी उपटायला गेलेली होती. मी तिला शोधत रानात पोचलो तेव्हा बायका दुसऱ्या पातीला, म्हणजे वाटून घेतलेल्या पुढच्या ओळींना, लागल्या होत्या.

"अगं बया, नाग्या? तू कसा काय? घरी समदी बरी हायत न्हवं?"

"बरी हायत."

"सांगून आलास का?"

"व्हय, सांगून आलोय."

तिनं मला तिच्या शेजारची पात दिली. ज्वारीचं ताट बुडात धरून दोन्ही हातांनी ओढायचं असतं, माती झटकायची आणि आडवं टाकायचं. मी वाकलो तो वर बघितलंच नाही. हात सोलून निघाले, फोड येऊन फुटले, तरी थांबलो नाही. बायका पाणी प्यायला बांधावर गेल्या तेव्हाही गेलो नाही. आत्यानं दोनदा हाक मारली. अकरा कधी वाजून गेले ते मला कळलं नाही. आत्या पुढं कितीतरी वर्षं सांगायची, की आमचा नाग्या एका सकाळी आला आणि दोन गड्यांचं काम करून गेला, असं पोरगं पाहिलं नाही. अण्णासमोरही सांगायची. त्या मंगळवारी पोलिसांनीच मला कोर्टापर्यंत येऊ दिलं नाही, असं तो धरून चालला होता. अण्णा म्हणायचा, "माजा भाऊ हाय तो."